टेरीला दोन बीम लागतात : एका कादंबरीच्या खर्ड्याचं प्रकरण

मी सोलापुरात राहतो आणि नवीन लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचून देतो. हा माझा व्यवसाय नाही. निवृत्तीनंतर लागलेली सवय म्हणा. खाली लिहिलेलं प्रकरण अशाच एका हस्तलिखिताचं आहे. रकमा, वर्षं आणि घरातल्या काही गोष्टी बदलल्या आहेत. त्या नेमक्या कुठे बदलल्या, ते सांगणार नाही. बापलेकांनी मजकूर वाचला आहे आणि दोघांची हरकत नाही. नावं कुणाचीच देत नाही. मुलाला ‘लेखक’ म्हणतो आणि वडिलांना ‘अप्पा’, कारण घरात त्यांना सगळे अप्पाच म्हणतात.

पार्श्वभूमी

अप्पांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा, म्हणजे लूपवाल्या टॉवेलांचा, छोटा कारखाना. कामगार पूर्व भागातले, बहुतेक तेलुगू बोलणारे. घर लिंगायत. आत कानडी, दारात मराठी आणि मागावर निम्मी तेलुगू. तीन भाषांत हिशोब करणारा माणूस सोलापुरात नवलाचा नाही. गल्लीतल्या एका लहानशा देवस्थानाचे अप्पा बरीच वर्षं खजिनदार होते. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर (यात्रेतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांबरोबर) चालायचे. लेखकही लहानपणापासून त्यांच्या मागे चालत आलेला.

लेखक पुण्यात शिकला, नोकरी करून परत आला, वय तिशीच्या आत. त्याने 312 पानांची कादंबरी लिहून माझ्याकडे आणली. तिचं कथानक तीन ओळींत मावतं. एक धार्मिक बाप देवस्थानाचे पैसे गुपचूप वापरतो. हिशोब लिहिणाऱ्या मुलाच्या ते लक्षात येतं. मुलाची देवावरची श्रद्धा उडते.

खरी घटनाही जवळपास तशीच होती. सुताचे भाव चढले, एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले आणि दिवाळीचा बोनस तोंडावर आला. अप्पांनी ऑक्टोबरात देवस्थानाच्या खात्यातून रक्कम काढली आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परत भरली. सार्वजनिक न्यासाचे हिशोब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात, म्हणून 31 मार्चला शिल्लक जागेवर हवी होती आणि ती होती. रोकडवहीत मधल्या पाच महिन्यांचा मागमूस नव्हता. पासबुकात मात्र तारखा होत्या. एकोणीस वर्षांच्या मुलाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. त्याने विचारल्यावर अप्पा म्हणाले, “देवाचं पैसा देवाच्या माणसांनाच दिलं की.” त्यानंतर दोघांत हा विषय कधी निघाला नाही, आणि हळूहळू बाकीचे विषयही आटले.

अडचण

पहिला खर्डा वाचला तेव्हा मला दोन अडचणी दिसल्या, आणि त्यातली मोठी मी आधी ओळखली नाही.

लहान अडचण कारागिरीची होती. अप्पांवर बेतलेलं पात्र पुस्तकी मराठी बोलत होतं. “तुझी पूजा झाली का?” असं सोलापुरातल्या कानडी घरातला बाप विचारत नाही. तो विचारतो, “पूजा झालं का?” आणि मुलगा म्हणतो, “झालं की.” लेखकाने आधी तसंच लिहिलं होतं. कुणा जाणकाराने लाल पेनाने ‘झाली’ करून दिलं आणि बापाचा जीवच गेला. (मुद्रितशोधकांवर माझा राग नाही. पण व्याकरण सुधारताना माणूस पुसला जाऊ नये, एवढी नजर असावी.)

मोठी अडचण संशयाची होती. कादंबरीत मुलगा नास्तिक होतो तो पासबुक पाहिल्याच्या संध्याकाळी. बापाने पैसे फिरवले, म्हणजे देव नाही. हा तर्क रागाचा आहे. संशयाला इतकं सोपं कारण पुरत नाही. मी त्याला म्हटलं, “ज्या गावात तू राहतोस तिथे संशयाची परंपरा तुझ्या रागाहून जुनी आहे.” बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर तळं खणून घेत होते, तेव्हा शरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी त्यांना चारचौघांत माती खणणारा म्हणून हिणवलं. दगडमातीच्या पुण्याने काय साधतं, असा सवाल केला. ही कथा शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेतच सांगितली जाते. गावाच्या ग्रामदैवताला हा प्रश्न तळ्याच्या काठावर विचारला गेला होता, आणि तो विचारणारा देव न मानणारा माणूस नव्हता. लेखकाला ही कथा ठाऊक होती, पण आपल्या कादंबरीशी तिचा काही संबंध असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

मग मी सहज विचारलं, “पासबुक पाहिल्यावर मुलाने इष्टलिंगाचं काय केलं? पुस्तकात ते कुठेच नाही.” (इष्टलिंग म्हणजे लिंगायत माणूस गळ्यात बाळगतो आणि रोज पूजतो ते छोटं लिंग.)

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगितलं. पुण्यात वसतिगृहात त्याने गळ्यातली चांदीची डबी, घरच्या कानडीत करडिगे, उघडली. आतलं लिंग काढून रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलं आणि रिकामी डबी पुन्हा गळ्यात घातली. सुट्टीत घरी आला की सकाळी खोलीचं दार लावायचा, दहा मिनिटं मोबाइल बघायचा, कपाळाला विभूती लावून बाहेर यायचा. दाराबाहेरून अप्पा विचारायचे, “पूजा झालं का?” आतून हा म्हणायचा, “झालं की.” असं चार वर्षं चालत आलं होतं.

312 पानांत बापाचं खोटं तारीखवार होतं आणि मुलाचं खोटं अर्ध्या ओळीतही नव्हतं. अप्पांचं खोटं पाच महिन्यांत फिटलं होतं, निदान पासबुकापुरतं. मुलाचं तर अजून चालू होतं. खर्डा कुठे पोकळ वाजत होता, ते मला त्या दुपारी समजलं.

समोरचे पर्याय

पुढचे तीन-चार महिने आम्ही वेगवेगळ्या वाटा तपासल्या. त्या एकामागून एक सुचल्या नाहीत, एकमेकींत गुंतलेल्याच आल्या.

आहे तसं छापणं ही लेखकाची पहिली इच्छा. एका प्रकाशकाने रस दाखवला होता, पण मागच्या पानावर ‘धर्माच्या बुरख्याआडचा बाप’ अशा थाटाचा मजकूर त्याला हवा होता. विक्रीच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं. लेखकाला मात्र स्वतःचं पुस्तक पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं आणि तो बिचकला.

गाव बदलणं ही माझी सूचना. कारखाना इचलकरंजीला न्यावा, देवस्थान दुसऱ्या कुठल्या देवाचं करावं. त्याने चाळीस पानं लिहून पाहिली आणि ती मेलेली निघाली. कारण कादंबरीचा कणा संक्रांतीच्या अक्षता सोहळ्यात होता. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते, “सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्” असा घोष होतो आणि हजारो हातांतून तांदूळ उडतात. पासबुक पाहिलेला मुलगा आणि पैसे फिरवलेला बाप शेजारी उभे राहून ‘सत्यम्’ला अक्षता टाकतात. हा प्रसंग दुसऱ्या गावात घडवता येत नाही. माझी सूचना चुकीची होती. ती काळजीपोटी सुचली होती, वाचून नव्हे.

थांबणं, म्हणजे अप्पांच्या पश्चात छापणं, हा पर्याय घरातल्या कुणीतरी सुचवला. इथे वकील मित्राचा उपयोग झाला. त्याने सांगितलं ते सामान्य लेखकांना सहसा ठाऊक नसतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानी आहे, आणि ती मृत माणसाचीही होऊ शकते, जर आरोप जिवंतपणी त्याच्या नावलौकिकाला बाधक ठरला असता आणि त्यामागे जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. नाव बदललं की सुटलो, असंही नाही. ओळखणाऱ्याने ओळखलं तर ओळखलंच. धार्मिक भावनांचं कलम 299 आहे, पण त्याला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अवमान लागतो. या कादंबरीत तसं काही नाही, असं त्याचं मत पडलं. मग त्याने खरी अडचण सांगितली. पैसे परत भरले म्हणून अपहार झालाच नाही, असं कायदा मानत नाही. काही काळापुरता केलेला अपहारही अपहारच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली तक्रार करायला कुणीतरी टपलेलं असेल, तर ही कादंबरी त्याच्या हातात आयती पडेल. प्रत्येक देवस्थानात दोन गट असतात. या देवस्थानातही होते.

उरला तो पर्याय मुलाचं खोटं आत आणून पुस्तक मुळापासून पुन्हा लिहिण्याचा. यात कायद्याची अडचण कमी होत नव्हती. पण पुस्तक पुस्तक होण्याची शक्यता इथेच होती. लेखकाने हेच निवडलं, आणि निवडताना तो खूश नव्हता. “मग अप्पांचं जे चुकलं ते माझ्याएवढंच होतं असा अर्थ निघेल,” तो म्हणाला. मी म्हटलं, “निघू दे. वाचणारा तोलून बघेल.”

काय केलं, आणि कुठे घसरलो

दुसरा खर्डा लिहायला दहा महिने लागले. दाराआडच्या विभूतीचं प्रकरण त्याने अकरा वेळा लिहिलं. मी पाचच वाचले. शेवटचं सर्वांत लहान होतं, जेमतेम अडीच पानांचं. त्यात मुलगा मोबाइलवर काय बघतो तेही होतं. बसभाडं. पुण्याची परतीची गाडी किती वाजता, ते.

दरम्यान मी एक चूक केली होती. पहिल्या खर्ड्याच्या दोन प्रती, लेखकाला विचारून पण पुरेसा विचार न करता, आमच्या वाचन मंडळातल्या दोघांना अभिप्रायासाठी दिल्या होत्या. एकाने तिसाव्या पानापर्यंत घर ओळखलं. तो वाईट माणूस नाही. त्याने फक्त चहाच्या टपरीवर कुणाला तरी म्हटलं, “अरे, ते आपल्या अमक्याचंच की.” सोलापूर मोठं शहर आहे असं जनगणना सांगते, पण गल्ली गल्लीएवढीच असते. डिसेंबरात देवस्थानाच्या विरोधी गटातल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. आवाज गोड. “सर, एक प्रत मिळेल का वाचायला?”

आता निर्णयाची खरी वेळ आली. दुसरा खर्डा पूर्ण होता, पण हात फिरवायचा बाकी होता. अप्पांना पुस्तकाचा पत्ता नव्हता. ते त्यांना टपरीवरून कळावं की मुलाकडून? लेखक म्हणत होता, यात्रा होऊ दे, मग सांगतो. मी म्हणालो, यात्रेतच सगळं गाव एकत्र येतं, तिथेच त्यांना कळेल, आधी दे. त्याने माझं ऐकलं. भोगीच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या, तीन दिवस आधी त्याने सर्पिल बांधणीची प्रत अप्पांच्या टेबलावर, बिलांच्या फाइलशेजारी ठेवली. तोंडाने एवढंच म्हणाला, “अप्पा, मी लिहिलंय. वाचा की एकदा.”

त्या वर्षी अप्पांनी बाराबंदी घातली नाही. अडुसष्ट लिंगांच्या फेरीला गेले नाहीत, अक्षतेला गेले नाहीत. अव्वांनी (कानडीत अव्वा म्हणजे आई) सांगितलं, गुडघा दुखतोय. होम मैदानावर दारूकाम झालं त्या रात्री ते गच्चीवर एकटे बसून आवाज ऐकत होते, एवढं लेखकाला बहिणीकडून समजलं. पुढे दोन महिने बापलेक एका घरात राहिले आणि मीठ मागण्यापलीकडे बोलले नाहीत.

फोन करणाऱ्या गृहस्थांना मी प्रत दिली नाही. दोन्ही अभिप्रायाच्या प्रती परत मागवल्या. एक आली. दुसरी ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं आणि आजही ती सापडलेली नाही.

काय झालं

मार्चमध्ये अप्पांनी प्रत परत केली. लेखक ती घेऊन तसाच माझ्याकडे आला. प्रतीत पेन्सिलीच्या खुणा होत्या. आम्ही श्वास धरून पानं उलटली.

पहिली खूण सतराव्या पानावर. लेखकाने लिहिलं होतं, ‘बीमवरचा ताणा मागाकडे सरकत होता.’ (बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मागाचा रूळ.) बाजूला अप्पांच्या बारीक अक्षरात: ‘टेरीला दोन बीम लागतात. एक जमिनीचा, एक लूपचा. जमिनीचा ताठ. लूपचा सैल सोडतात, म्हणून लूप येते.’ टॉवेलच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाला हे ठाऊक नव्हतं, आणि टॉवेल वापरत आयुष्य गेलेल्या मलाही नव्हतं. पुढे सुताचा नंबर दोन ठिकाणी दुरुस्त केलेला. एका कामगाराची पाळी दिवसाची नसून रात्रीची. अव्वांच्या कडक भाकरीत मीठ नसतं. खुणा अशाच होत्या. बापाच्या ढोंगीपणाबद्दल जिथे जिथे लिहिलं होतं, ती पानं कोरी.

फक्त रकमेच्या जागी कादंबरीत ‘दोन लाख चाळीस हजार’ होतं. ते एका सरळ रेघेने खोडून वर आकडा लिहिला होता: 3,10,000.

मुलाने पासबुकात एकच पान पाहिलं होतं. सत्तर हजार दुसऱ्या पानावर होते.

दाराआडच्या विभूतीच्या अडीच पानांत समासात काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेलं होतं. कागदाचा पापुद्रा निघाला होता. मी भिंगातून पाहिलं, उजेडाला तिरपं धरून पाहिलं. अक्षर लागलं नाही. लेखकाने विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही.

या प्रतीने नवा पेच उभा केला. वकील मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “हे आता हस्तलिखित नाही, कागदपत्र आहे. मला दाखवू नका आणि फाडूनही टाकू नका.” दुसरा पेच लेखकाचा होता. खरा आकडा समजल्यावर कादंबरीत कोणता ठेवायचा? आमचा यावर खूप वाद झाला. मी म्हटलं, कादंबरी आहे, आकडा कोणताही चालेल. तो म्हणाला, “सर, आकडा मला माहीत नव्हता तेव्हा दोन चाळीस ही चूक होती. आता तेच ठेवलं तर ते खोटं.” तरी शेवटी त्याने दोन लाख चाळीस हजारच ठेवले. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. दोन बीम घेतले, रात्रपाळी घेतली, बिनमिठाची भाकरी घेतली.

एप्रिलमध्ये अप्पांनी खजिनदारपद सोडलं. कारण वयाचं दिलं. विरोधी गटाचा माणूस खजिनदार झाला आणि वह्या ताब्यात घेतल्यावर त्याने काहीच केलं नाही. शोधलं नाही, की शोधून गप्प बसला, ते त्यालाच माहीत.

लेखकाने गळ्यातली रिकामी डबी काढून ठेवली. रुमालातलं लिंग त्याने अव्वांकडे दिलं. अव्वांनी ते निमूट घेतलं, डोळ्यांना लावलं आणि देवघरात ठेवलं. सकाळी दाराबाहेरून प्रश्न येणं बंद झालं. लेखक म्हणतो, ते बंद झालेलं त्याला सहन होत नाही. देव आहे की नाही, यावर त्याचं मत बदललेलं नाही. फक्त कादंबरीत आता ते मत कुठेही सांगितलेलं नाही.

पुस्तक छापून आलं की नाही, ते इथे लिहिलं तर घर ओळखू येईल.

पुन्हा करायचं झालं तर

प्रती वाटणार नाही. हे पहिलं आणि अगदी साधं. ज्या हस्तलिखितात जिवंत माणूस ओळखता येण्यासारखा आहे, ते वाचणाऱ्याने माझ्या घरी येऊन बसावं, चहा प्यावा, वाचावं, जावं. अभिप्रायाची घाई लेखकाला नव्हती, मला होती. मला माझं वाचन बरोबर आहे की नाही ते पडताळून पाहायचं होतं.

यात्रेच्या आठवड्यात प्रत द्यायला लावणं चुकलं, असं मला वाटतं, पण याबद्दल माझी खात्री होत नाही. टपरीवरून कळण्यापेक्षा ते बरं झालं, हे खरं. पण अक्षतेच्या दिवशी ते घरात बसले, तो दिवस त्यांच्या वयात परत मिळेलच असं नाही. दुसरी वाट होती, पूर्ण प्रत न देता मुलाच्या खोट्याची अडीच पानं आधी द्यायची. मुलाने आधी आपली डबी उघडायची, मग बापाचं पासबुक. क्रम उलटा असता तर समासात लिहून पुसलेलं वाक्य कदाचित उरलं असतं.

वकिलाकडे उशिरा गेलो. पहिल्या खर्ड्यालाच जायला हवं होतं. काय छापता येईल ते विचारायला नव्हे, कुणाच्या हातात काय पडू शकतं ते समजून घ्यायला.

आणि कारखान्यात गेलो नाही. एका यंत्रमागवाल्याच्या मुलाच्या कादंबरीवर मी दीड वर्ष बोललो आणि टेरीचा माग एकदाही चालताना पाहिला नाही. मागच्या महिन्यात पाहिला. अप्पांनीच दाखवला. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, ते बोटाने वरचा बीम, खालचा बीम दाखवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी ती पेन्सिलीच्या खुणांची प्रत मागितली. सुताचा एक नंबर आपणच चुकीचा दुरुस्त केला असावा, असं त्यांना वाटत होतं. तेवढं बघून परत देतो म्हणाले.

मी लेखकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “द्या की.”

मी दिली.